आत्याबाईंची गाठ

शनिवारी दुपारी नर्सिंग कॉलेज लवकर सुटलं आणि मौनी प्रात्यक्षिकाच्या खोलीची किल्ली मागायला ऑफिसात गेली. शिपाईमामांनी किल्ली काढून दिली.

"एकटीच?"

मौनीनं मान हलवली.

"बरं. जाताना आत्याबाईंना पांघरूण घालून जा. उघड्या राहिल्या की कुरकुरतात."

मामा खाटेबद्दल बोलत असावेत, असं तिला वाटलं.

मौनी हे वर्गानं ठेवलेलं नाव. लग्नाला चारच महिने झाले होते, आणि सासरी तिच्या न बोलण्याचं भारी कौतुक होतं. आल्यागेल्याला सासूबाई सांगत, "सून असावी तर अशी. तोंडातून ब्र नाही." त्याच गुणापायी कॉलेजात ती दोनदा नापास झाली होती. काम तसं साधं होतं. कॅन्सरच्या वॉर्डात एका रुग्णाशी बोलायचं, तो आजार अंगावर घेऊन दिवस कसे निघतात ते विचारायचं आणि दोन पानं लिहायची. दोन्ही वेळा मौनीनं नाडी पाहिली, उशी सारखी केली, "कसं वाटतंय?" एवढं विचारलं आणि परत आली. वहीत एकच ओळ: रुग्णाला बरे वाटते. खाली शिकवणाऱ्या मॅडमचा शेरा होता: "हे रुग्ण म्हणाला की खाट?" मॅडमना मुली उगाच लालपेन म्हणत नव्हत्या.

सोमवारी तिसरी आणि शेवटची संधी. हुकली की वर्ष गेलं.

"आधी आत्याबाईंशी बोलून सराव कर," मॅडम म्हणाल्या होत्या. "त्यांच्यासमोर तरी वाचा फुटू दे."

आत्याबाई म्हणजे रबराची बाई. बारा वर्षं त्या एकाच खाटेवर होत्या. डोक्यावरचा टोप मुलींनी विंचरून विंचरून संपवला होता, त्यामुळे टक्कल. उजव्या हाताची बोटं साच्यातच एकमेकांना चिकटलेली. आणि डाव्या स्तनात, रबराच्या आत, वाटाण्याएवढी टणक गाठ, मुलींना बोटांनी शोधता यावी म्हणून मुद्दाम बसवलेली.

खोलीत पडदे ओढलेले होते. स्पिरिटचा आणि तापलेल्या रबराचा वास कोंडला होता. वर पंखा टिक... टिक... करत फिरत होता. मौनीनं स्टूल ओढलं, वही उघडली आणि घसा खाकरला.

"कसं वाटतंय?"

पंखा थांबला.

"कसं वाटणार..." गरम पाण्याच्या पिशवीतून हवा निघावी तसा आवाज आला. "बारा वर्षं उताणी पडलेय."

मौनी किंचाळली नाही. तिला सवयच नव्हती. तिच्या हातातलं पेन मात्र खाली पडलं आणि घरंगळत खाटेखाली गेलं.

"दुसरं घे," आवाज म्हणाला. "आणि लिहून घे. विचारणारी तू पहिलीच. बाकीच्या येतात, गार हातांनी चाचपतात आणि ओरडतात... 'सापडली! सापडली!' अगं, हरवलेली किल्ली आहे का ती? गाठ माझी आणि टाळ्या ह्यांच्या!"

मौनीनं दुसरं पेन काढलं. "मग... पहिल्यांदा सापडली तेव्हा... काय वाटलं?"

"वाटलं, कुणी हात धरेल. हात मोकळाच होता. पण ते तुमच्या परीक्षेत विचारत नसणार. उलट माझ्यादेखत म्हणतात, 'हिला कॅन्सर आहे असं समजा.' समजा म्हणे! मी बारा वर्षं समजतेच आहे."

मौनीला हसू आलं आणि भीतीही वाटली. दोन्ही एकदमच आल्यामुळे उचकी लागली.

"आता एक काम कर," आवाज बारीक झाला. "तुझ्या त्या लालपेनला सांग... डावीकडे... वर... काखेजवळ. जगाला माझी गाठ दाखवते, स्वतःची कधी बघत नाही."

"तुम्हाला... कसं कळलं?"

"शिकवताना माझ्यावर वाकते की नाही... मला लागते ती."

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना."

"तिनं मला कधी काही विचारलंय?"

पंखा पुन्हा टिकटिकू लागला. मौनीनं आत्याबाईंच्या हनुवटीपर्यंत पांघरूण ओढलं, नीट खोचलं आणि मगच पळाली.

सोमवारी वॉर्डात तिच्या वाट्याला शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. वही घेऊन मॅडम मागे उभ्या राहिल्या. मौनीनं नाडी बघायला मनगट धरलं, आणि नाडी मोजून झाल्यावरही हात सोडला नाही.

"मावशी, गाठ सापडली तेव्हा तुमच्याजवळ कोण होतं?"

मावशी चाळीस मिनिटं बोलल्या. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी गिऱ्हाइकाचा ब्लाउज पुरा केला होता, एक बाही उलटी लावून. गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यांना कळलं, आपण घाबरलोय.

"आता घरात सगळे कुजबुजतात गं. मी जे म्हणेन त्याला नवरा हो म्हणतो. तीस वर्षं भांडलो आम्ही, आता भांडायलाही कुणी उरलं नाही. परवा मुद्दाम भाजी खारट केली, तर छान झालीय म्हणाला! तेव्हा मात्र मी रडले."

व्हरांड्यात मॅडमनी लाल पेनाचं टोपण काढलं. "उत्तम. कुठे शिकलीस हे?"

गुण अजून मांडले नव्हते. गप्प बसलं की वर्ष वाचत होतं, आणि गप्प बसण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"मॅडम... तुमची डावी बाजू. काखेजवळ. तपासून घ्या."

"काय?"

"तिथे... आहे."

"कोण म्हणालं?"

"आत्याबाई."

मॅडमनी टोपण परत लावलं. "घरी जा," एवढंच म्हणाल्या.

गुणांची चौकट कोरी राहिली. दुसऱ्या दिवसापासून मॅडम रजेवर गेल्या. कॉलेजात कुणालाच कारण माहीत नव्हतं. मौनी मात्र महिनाभर जेवताना घास हातात धरून बसायची. सासूबाईंना वाटलं, गोड बातमी आहे.

मॅडम आल्या त्या वाळलेल्या, डावा हात अंगाशी जपून धरलेला. मौनीला बोलावून त्यांनी आधी चौकटीत गुण भरले.

"वाटाण्याएवढी होती," त्या हळू म्हणाल्या. "वेळेत सापडली." 'सापडली' हा शब्द त्यांनी फार जपून उच्चारला. "चल. नव्या मुलींचा तास आहे."

पन्नास नव्या मुली बाकांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. आत्याबाईंपाशी जाऊन मॅडम वाकल्या आणि बारा वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या, "काय आत्याबाई, कशा आहात?"

मुली खिदळल्या. उत्तर आलं नाही. पहिल्या मुलीनं चाचपून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "मॅडम... गाठ नाहीये हिच्यात."

मॅडमनी हात लावला, मग मौनीनं. रबर सगळीकडे मऊ होतं. ना टाका, ना चीर.

"ठीक. तास झाला," मॅडम म्हणाल्या. "पांघरूण घाल गं."

मौनीनं पांघरूण उचललं आणि तशीच थांबली. साच्यात चिकटलेल्या त्या बोटांपैकी एक सुटं झालं होतं. चादरीवरून किंचित उचललेलं, बाकांच्या दिशेनं. मौनीनं वाकून नेम पाहिला. तिसरं बाक. त्यावर तिघी बसल्या होत्या, अजून हसत होत्या.

बोट नेमकं कुणाकडे, ते कळेना.

मॅडमनी मौनीचा हात धरला. दुसऱ्या हातानं मौनीनं स्टूल ओढलं.

वर पंखा हळूहळू थांबत होता.