पोताच्या उजेडात

"पोत तसाच जळत हुता, ताई. अन् पुंजारामाची मान निम्मी तुटल्याली," रंगुबाई म्हणाली. "आमच्या कारभाऱ्यांचं त्याच्याशी बांधावरून भांडान हुतं. आता पोलीस त्यांनाच नेनार म्हनत्यात."

खासगी गुप्तहेर वृषालीताईंनी मावसभाऊ संदीपला गाडी काढायला सांगितली.

तिसगावजवळच्या त्या वस्तीची रीत अशी : नवरात्रात दिवेलागणीला मानकऱ्यानं देवीचा पोत, म्हणजे तेलात भिजवलेली मशाल, घेऊन एकट्यानं दीपमाळेपर्यंत जायचं. मान रंगुबाईच्या नवऱ्याचा, सूर्यभानचा. खून दीपमाळेपाशीच झाला होता. दगडांच्या सांध्यांत रक्त वाळलं होतं. वर, खांद्याच्या उंचीवर, कोयत्याच्या तीन ताज्या खाचा.

"तीन वार हुकले," संदीप म्हणाला. "प्यायलेला असणार."

वृषालीताई नुसत्या खाचांवरून बोट फिरवत राहिल्या.

"उपासानं मला घेरी आली, म्हनून पोत पुंजारामाला दिला," सूर्यभान म्हणाला. "ऐनवेळी. भांडान असलं तरी त्योच जवळ हुता."

"तुम्हाला दिसतं ना नीट?"

"आता दिसतं. तिशीतच मोतीबिंदू काढले. आमच्या आबांचंबी तसंच. रक्तात ते फेरिटिन का काय, तेबी लई हाय. घराण्यातूनच आलंय म्हनं."

पुंजारामानं भरबाजारात ऊसतोडीचा मुकादम रामहरी याच्या कानाखाली मारली होती. रामहरी हसला. "मी मारला असता तर एका घावात, ताई. जिंदगी कोयत्यावर गेली."

सूर्यभानचा धाकटा भाऊ हनुमंत टेम्पो चालवायचा. त्याच्या चुलीवर मातीचा तवा होता.

"डॉक्टरनं लोखंडी तवा बंद केलाय, म्याडम. फेरिटिन वाढलंय, म्हंजी अंगात लोखंड लई झालंय म्हनला. रक्त काढून काढून निस्ता धापा टाकतोय."

"आणि डोळे?"

"घारीचे हायेत!"

टेम्पोचा डावा दिवा कोरा करकरीत होता.

"दिवस मावळला की हा गाडीला हात लावत नाही. नवरात्राचा नवस म्हणे," बाहेर आल्यावर संदीप म्हणाला. "पण शेजारी सांगतात, श्रावणापासून असंच आहे. अंधारात एक दूधवाला कुठल्याशा गाडीखाली चिरडला, ती गाडी सापडलीच नाही, तेव्हापासून."

दिवेलागणीला वृषालीताईंनी सगळ्यांना दीपमाळेपाशी बोलावलं. पोत पेटवून एकाच्या हातात दिला.

"हनुमंतराव, पोत कुणाच्या हातात आहे?"

"दादाच्या. दुसऱ्या कुनाच्या?"



"मी कवा मानकरी झालो?" पोताआडून रामहरी म्हणाला.

"चार हातांवरचं माणूस ओळखू आलं नाही," वृषालीताई हळू आवाजात म्हणाल्या. "फेरिटिन चढलेलं असलं म्हणजे लोह चढलेलं असतंच असं नाही. काही घराण्यांत तो जन्माचा वारसा असतो, आणि त्याच्याबरोबर तरुणपणीच मोतीबिंदू. समोर जाळ आला की नुसता उजेड पसरतो. म्हणून तीन वार दगडावर गेले. रामहरीचा एकही गेला नसता. सूर्यभानचे डोळे साफ झालेत, शिवाय पोत कुणाला दिला हे त्यांना ठाऊक होतं. पोत धरणारा सूर्यभानच, असं फक्त न दिसणारा धरून चालला. पुंजाराम फुकट मेला. पण भावाचा जीव कशासाठी?"

"त्या दूधवाल्यासाठी," सूर्यभानचा आवाज फाटला. "ह्याच्याच टेम्पोखाली गेला त्यो. मी म्हनलो हुतो, दसरा होऊ दे, मग ठाण्यात जाऊन सांगतो."

हनुमंतानं शर्टाखालचा कोयता उपसला आणि आवाजाच्या दिशेनं झेपावला. मध्ये जाळ आला. पातं दीपमाळेवर खणकन आपटलं, ठिणग्या उडाल्या. रामहरीनं पोत संदीपकडे देऊन हनुमंताचा हात मागं पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"आबांचे डोळे तुझ्यातबी उतरले हुते, येड्या," सूर्यभान रडत म्हणाला. "सांगितलं असतंस तर मीच ऑपरेशनला नेलं असतं."

गुडघ्यांवर पडलेला हनुमंत मान वळवून जाळात शोधत होता.

"कुठं हायस, दादा?"