अळणी ताट

महाडच्या वैद्य उज्वलाताई उमरठच्या वरच्या वाडीत पोचल्या, तेव्हा ओटीवर कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती. ठकूबाईच्या मुलाने, मंगेशने फोनवर सांगितलं होतं: आईची सूज पुन्हा चढलीय, बायकोला आज कापड्याला माहेरी सोडतो.

"सेजलच काढ्यात कायतरी घालते, ताई," तो आताही म्हणाला.

त्याची बायको सेजल चुलीपाशी उभी होती. रडून झालं होतं तिचं.

सासरा पांडू अंगणात गाईला पेंढा घालत होता. गाय पेंढा सोडून त्याच्या सदऱ्याचा खिसा चाटत होती. त्याने तिला हाकललं.

उज्वलाताईंनी ठकूबाईचा पाय दाबला. बोटाचा खड्डा तसाच राहिला. इस्पितळात कारण सापडलं नव्हतं. तिथल्या गोळ्या, जोडीला सूज उतरवणारा पुनर्नवेचा काढा आणि अळणी जेवण, एवढ्यावर सूज आधी उतरली होती.

त्यांनी काढा चाखला. बरोबर होता. चुलीवरची भाजी चाखली. अळणीच होती.

"ठकूबाई, अळणी घशाखाली उतरतं?"

"उतरतं गो."

"ताट तर पुसून साफ आहे."

ठकूबाईने पदर तोंडाला लावला. उशाचा तांब्या रिकामा होता.

"सकाळपास्नं दोनदा भरला," सेजल म्हणाली.

"ताट कोण आणून देतं?"

"वाढते मी. पण नेतात आबा. मला जवळ बसू देत नायत."

"बघा!" मंगेश म्हणाला. "आबांचाबी हिच्यावर भरवसा नाय."

उज्वलाताई अंगणात गेल्या. मंगेश आणि सेजल मागोमाग ओटीवर आले.

"पांडूबाबा, खिसा उलटा करा."

पांडूने खिशावर हात दाबला.

"गाय खिसा का चाटते, हे गुरं राखणाऱ्याला मी काय सांगू? काढा शुद्ध आहे, भाजी अळणी आहे. अळणी खाणारा आजारी माणूस कुरकुरतो. ठकूबाई ताट पुसून खातात आणि पाणी पीत राहतात. म्हणजे मीठ चुलीपाशी पडत नाही, चुलीपासून अंथरुणापर्यंतच्या वाटेत पडतं. मिठाने अंगात पाणी धरतं. काढा उतरवतो, मीठ पुन्हा चढवतं."

पांडूने खिसा उलटा केला. खडेमीठ मातीत सांडलं.

"आमच्यात अळणी सुतकातच शिजतं," तो म्हणाला. "ती जिती हाय. तिच्यापुढं मयताच्या घरचं ताट कसं ठेवू? चिमूटभरच घालायचो."

"आणि सुनेवर आळ आला तेव्हा?"

"लाज वाटली. आज बोलू, उद्या बोलू... रोज जास्तच वाटाय लागली."

मंगेश बायकोकडे वळला. "सेजल, अगो..."

"पिशवी उचला आधी," ती म्हणाली. "वाटेत हाय."

मंगेशच्या आधी पांडू ओटीवर चढून वाकला. पिशवी छातीशी धरून उभाच राहिला. सुनेसमोरून आत जायचं त्याला धाडस होईना. गाय मातीतलं मीठ चाटत होती. त्याने तिला हाकललं नाही.