घाईत घडलेल्या लाल दीर्घिका

गुंडाळलेला फ्लेक्स खांद्यावर टाकून ती दुकानातून सुसाट बाहेर पडली, आणि त्याचं टोक थेट समोरच्याच्या बरगडीत बसलं.

"दिसत नाही का?" तिनं वर त्यालाच सुनावलं. चूक स्वतःची असली की आधी आपण डाफरायचं, हा तिचा नियम.

"दिसलं," तो बरगडी चोळत म्हणाला. "पण... तुम्ही फार वेगात होतात."

वेग. घरादारानं तिच्या नावानं हाच एक शंख केला होता. दहावीत शाळा सोडली तेव्हापासून तर छपाईचं दुकान चालवणारी आत्या उठता-बसता म्हणायची, "हिला सगळ्याचीच घाई. नुसती फटाकडी."

तो पोस्टर छापून घ्यायला आला होता. आकाशातल्या दीर्घिकांवर, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांवर संशोधन करायचा, आणि एक स्वल्पविराम हलवायचा तर अर्धा तास डोकं खाजवायचा. रोज नवी फाईल घेऊन हजर. तिनं त्याचं नाव गोगलगाय ठेवलं. पुढेपुढे मात्र काचेचं दार वाजलं की ती आधी केस नीट करायची, मग कपाळाला आठ्या घालायची.

"ही अंडी कसली?" तिनं एकदा स्क्रीनवर बोट ठेवलं.

"लंबगोल दीर्घिका. सगळ्यात अवजड. यांच्यातले तारे बहुतेक सगळे सुरुवातीलाच, भराभर तयार झाले. मग कारखाना बंद. लहान दीर्घिका मात्र पुढे कितीतरी काळ रेंगाळत बसल्या."

"तुम्ही होतात बघायला?"

तो हसला. हसतानाही सावकाश... आधी डोळे, मग ओठ.

"मोठाले तारे लवकर फुटतात, त्यांच्यातून मॅग्नेशियम येतं. लोखंड बरंचसं दुसऱ्या स्फोटांतून येतं, आणि त्या स्फोटांना वेळ लागतो. यांच्या उजेडात मॅग्नेशियम भरपूर, त्या मानानं लोखंड कमी. म्हणजे लोखंड पोचायच्या आत तारे बनून मोकळे."

"म्हणजे सगळ्यात मोठ्या, त्याच सगळ्यात घाईच्या?"

"हो."

"जरा मोठ्यानं बोला. आत्या आत आहे."

त्या दिवसापासून तिची मान ताठ झाली. त्याचं पोस्टर असं छापायचं, की परिषदेत लोकांनी थांबून बघावं, असं तिनं ठरवून टाकलं.

आणि नेमका तिथंच घात झाला. लालसर फोटो आला की लाल उतरवायचा, हा दुकानाचा शिरस्ता. लग्नाच्या फोटोंतले चेहरे तसेच उजळतात. तिनं दीर्घिकाही उजळल्या. परिषदेला जायची त्याची गाडी दुपारची, तो बॅग घेऊनच आला, आणि पोस्टर उलगडून त्यावर वाकला.

"निळ्या झाल्या," तो हळूच म्हणाला.

"छान दिसतात की."

"निळे म्हणजे कोवळे तारे. लाल म्हणजे म्हातारे. आता हे पोस्टर म्हणतंय, कारखाना अजून चालू आहे. म्हणजे माझं सगळं म्हणणंच उलटं."

तिचे कान तापले. आत्या आतून काहीतरी पुटपुटली. माफी मागणं तिच्या रक्तात नव्हतं, पण हात होते. तिनं मशीनवर नवा रोल चढवला, लाल होता तसा परत आणला, आणि शाई वाळेपर्यंत एका कोपऱ्याशी वाकून फुंकर घालत बसली. तोही शेजारी बसून दुसऱ्या कोपऱ्यावर फुंकर घालू लागला.

पोस्टर पुठ्ठ्याच्या नळीत गेलं. तो दाराशी थांबला. हा आता निघाला, तर पुन्हा यायला याला फाईल कुठून मिळणार?

"ऐक," ती म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिलाच कळलं नाही. "मला तू आवडतोस. घाई वाटत असेल तर वाटू दे. मोठी माणसं घाईतच घडतात."

तो नळीचं झाकण उगाच फिरवत राहिला.

"बोल ना. माझा कारखाना बंद व्हायच्या आत."

"फाईल..." तो म्हणाला. "फाईल दुसऱ्या दिवशीच बिनचूक झाली होती."

"मग रोज काय बदलत होतास?"

"स्वल्पविराम. एक दिवस काढायचो... दुसऱ्या दिवशी परत घालायचो."

म्हणजे गोगलगाय आधीच येऊन पोचली होती, आणि फटाकडीला पत्ताच नव्हता.

"काय गं, झालं का?" आत्यानं आतून विचारलं.

"झालं," तिनं मान ताठ ठेवूनच सांगितलं. "माझ्या वेगानं झालं." आणि नळी त्याच्या हातातून काढून, स्वतःच्या खांद्यावर टाकून, ती त्याला स्टेशनवर सोडायला निघाली. या वेळी हळू.