पटावरून पळालेलं नाव

"मॅडम, माझी नात चोरीला गेली!" म्हातारे गृहस्थ दारातूनच ओरडले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांची नात आत आली.

दादाच्या हातातला चहाचा कप हवेतच थांबला. "मग ही कोण?"

"हीच ती! इथे आहे, पण शाळेच्या पटावर नाही!"

खुर्चीतल्या बाईने फक्त डोळे बारीक केले. गुंता कितीही मोठा असो, नेमका धागा चिमटीत पकडते म्हणून अख्खं गाव तिला चिमटा म्हणायचं. सायकलच्या दुकानावरची एक खोली, तीन खुर्च्या आणि एक मोठा भाऊ, एवढाच तिचा कारभार. दादा मनाने सोन्यासारखा होता. डोक्याने जरा सावकाश.

"बसा आणि पहिल्यापासून सांगा," चिमटा म्हणाली.

सांगितलं नातीनेच. ती बारावीत. सोमवारपासून परीक्षा. त्याआधीची सुट्टी चालू होती, म्हणून आठ दिवस ती शाळेत फिरकलीच नव्हती. आज सकाळी हॉलतिकीट आणायला गेली, तर कारकूनबाई म्हणाल्या, तुझं नाव कमी झालंय, तू दुसऱ्या शाळेत गेलीस.

"मी गेले, आणि मलाच पत्ता नाही!" नात म्हणाली. हसायला गेली, पण डोळे भरून आले. "आज पाच वाजता यादी बंद होते. नाव नसलं तर माझं वर्ष गेलं, ताई."

"आईबाबा?"

"कामावर. फोनवर आई नुसती रडतेय."

"मी कुलपं दुरुस्त करतो," आजोबा कळवळून म्हणाले. "चाळीस वर्षांत न उघडलेलं कुलूप नाही. पण हे काही उघडेना."

चिमटाने त्यांना नीट न्याहाळलं. छातीशी धरलेली गच्च भरलेली कापडी पिशवी. उजव्या बाहीवर पांढरी पूड. लख्ख बूट.

"घरात आणखी काही विचित्र घडलंय?"

"माझा कंपास गायब आहे. पंधरा दिवस झाले," नात म्हणाली. "सगळ्यांना विचारलं."

"कंपासाचं काय घेऊन बसलीस!" आजोबा एकदम खेकसले.

"तुम्हाला कधी विचारू? रोज संध्याकाळी सात वाजले की तुम्ही फिरायला, ते नऊला परत."

"कुठे फिरता आजोबा?" चिमटाने सहज विचारलं.

"कुठे म्हणजे? आपलं कालव्याकाठी."

चिमटा उठली. "दादा, स्कूटर काढ."

आजोबा आणि नात रिक्षाने पुढे गेले. शाळा कालव्यालाच लागून होती. रस्ता महिनाभर खणून ठेवलेला. दादा शाळेत पोचला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखला होता.

"मला रस्त्याने दत्तक घेतलंय," तो कुरकुरला.

आजोबा आणि नात बाहेरच्या बाकावर बसले. चिमटा आणि दादा आत गेले. मुख्याध्यापकांच्या डोक्यावर मोठी पाटी होती: उत्तीर्णांचा टक्का, चौऱ्याण्णव पूर्णांक सहा.

"टक्का झकास आहे," चिमटा म्हणाली. "कसा काढता हो?"

"नववीत जेवढी मुलं येतात, त्यांतली किती चार वर्षांत बारावी पास होतात, ते बघायचं. शंभर आली, नव्वद पास, तर नव्वद टक्के. उरलेली दहा गळती."

"आणि त्या दहांतली पाच दुसऱ्या शाळेत गेली असली तर?"

"तर ती आमच्या हिशेबातून वजा. पंच्याण्णवांत नव्वद."

"म्हणजे बसल्या जागी टक्का पंच्याण्णवाला टेकला की!" दादा ओरडला. "चिमटे, पकड ह्यांना! पोरगी गणितात कच्ची असणार. नापास होण्याआधीच हाकलली!"

मुख्याध्यापकांचे कान लाल झाले. "गणितात दोनदा नापास झालीय ती, खरं आहे. मोह होतो, तेही खरं. पण गेल्या वर्षी सहा मुलं पुराव्याशिवाय 'दुसऱ्या शाळेत गेली' म्हणून लिहिलेली निघाली. त्या सहाही जणांची घरं मी स्वतः पालथी घातली. दोघं परत आली. तेव्हापासून पुराव्याशिवाय नाव हलत नाही."

"आणि ह्या मुलीचा पुरावा?"

"मागणीपत्र आलंय. मूल नव्या शाळेत गेलं की ती शाळा आमच्याकडे जुनी गुणपत्रं मागते. तेच पत्र म्हणजे पुरावा. ते खोटं ठरल्याशिवाय मी नाव परत घेऊ शकत नाही. एक मूल दोन शाळांत मोजलं जाईल."

शेजारच्या खोलीत कारकूनबाई फायलींच्या ढिगाआडून वर आल्या. पत्र त्यांनी छातीशी धरलं होतं.

"घरच्यांना दाखवत नाही मी. फाईल बाहेर जात नाही. तुम्ही बघा, हात लावू नका."

पत्र चार ओळींचं होतं. नदीपलीकडच्या शाळेने प्रवेश दिलाय, जुनी गुणपत्रं पाठवावीत. नावाचं आद्याक्षर आणि पूर्ण आडनाव. बस्स. त्याला पाकीट टाचलेलं होतं. पाकिटावरचा 'टेकडीवरची शाळा' हा पत्ता पोस्टाने खोडून तिथे कालव्याचा पत्ता लिहिला होता.

"शाळा टेकडीवर होती?"

"बावीस वर्षं झाली खाली येऊन. पोस्टमन जुना आहे, म्हणून पोचलं."

"आणि मुलगी कशी शोधलीत?"

"त्यात काय शोधायचं? संगणकात आद्याक्षर आणि आडनाव टाकलं, एकच नाव आलं. मी अंदाजाने काम करत नाही, बाई. गेल्या पंधरा वर्षांचं प्रत्येक मूल आहे त्यात."

"त्याआधीची?"

कारकूनबाईंनी कपाटाच्या माथ्यावर बोट केलं. धुळीने करडी झालेली, पट्ट्या चिकटवलेली रजिस्टरं. "ती माझ्याही आधीची. कोण बघतंय आता!"

दीड वाजला होता. चिमटाने दादाला नदीपलीकडे पिटाळलं. तो पाऊण तासाने धापा टाकत परतला.

"बोगस! शंभर टक्के बोगस! अगं, तिथे बालवाडी आहे! शेंबडी पोरं गाणी म्हणतायत. बारावीचा वर्ग औषधालाही नाही!"

"सगळी बाकं इवलीशीच?"

"इवलीशीच. म्हणजे… मागच्या भिंतीला मोठी बाकं रचलीत. आणि फळा इतका उंच की बालवाडीच्या बाईंना स्टूल लागेल. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, आम्ही दोनपर्यंत असतो, पुढचं आम्हाला ठाऊक नाही." दादाने घाम पुसला. "आता काय?"

"आता स्टूलच आण. मला कपाटावर चढायचंय."

पावणेचारला चिमटा खाली उतरली. केसांत जळमटं, हातात एक रजिस्टर. तिने सगळ्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. नात दाराशीच उभी राहिली. तिची नजर घड्याळावरून हटत नव्हती.

"गुन्हेगार इथेच आहे?" दादाने कुजबुजत विचारलं. कुजबूज सगळ्यांना ऐकू गेली.

"गुन्हाच नाही, दादा. पत्र खरं आहे. शाळाही खरी आहे. फक्त ती संध्याकाळी उघडते, मोठ्या माणसांसाठी. म्हणून मोठी बाकं, म्हणून उंच फळा. रात्रशाळा आहे ती."

"पण मी रात्रशाळेत गेले नाही!" नात म्हणाली.

"नाहीच. तू गेली असतीस तर शाळेचा पत्ता कालव्याचा दिला असतास. ज्याने प्रवेश घेतला, त्याच्या डोक्यात शाळा अजून टेकडीवरच आहे. म्हणजे तो बावीस वर्षांच्याही आधी इथे शिकत होता. संगणकात पंधराच वर्षांची मुलं, तिथे तो सापडणार कसा? पण आडनाव तेच, आद्याक्षर तेच. संगणकाने बिचाऱ्याने त्याच्याजवळ होतं ते एकच नाव पुढे केलं, आणि मागणीपत्र आलं की नाव कमी करायचं, ह्या शिस्तीत बाईंनी ते कमी केलं."

कारकूनबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"आता तो कोण? घरातून कंपास नेणारा. कोपरापर्यंत खडूची पूड लावून घेणारा. रोज दोन तास कालव्याकाठी फिरूनही ज्याच्या बुटाला चिखल लागत नाही असा." तिने दादाच्या पायांकडे बघितलं. "दादा आज एकच दिवस आला त्या रस्त्याने. बघा त्याची दशा."

सगळ्यांच्या माना आजोबांकडे वळल्या. आजोबांनी पिशवी आणखी घट्ट धरली.

"आजोबा!" नात किंचाळली. "तुम्ही?"

"मला काय माहीत माझं पत्र इथे येतं ते! मी शिकलो तेव्हा शाळा टेकडीवर होती, तेच लिहून दिलं!" आजोबा जवळजवळ रडवेले झाले. "वडील आजारी पडले आणि नववीत शाळा सुटली. कोणाला सांगितलंसुद्धा नाही. तू गणिताला बसायचीस आणि मला काही सांगता यायचं नाही गं. म्हटलं, आधी शिकू. तू पास झालीस की सांगणार होतो. आणि मीच तुझं…"

नातीने त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. त्यांच्या गळ्यात अशी पडली की पिशवीतलं काहीतरी खळ्ळकन वाजलं.

चिमटाने रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचं पान. आजोबांचं पूर्ण नाव, नववी, आणि शेवटच्या रकान्यात: कारण ठाऊक नाही.

"रात्रशाळेने ज्याची गुणपत्रं मागितली तो विद्यार्थी हा. तुमच्या नातीचं नाव ह्यात कुठेच येत नाही. आता घेता नाव परत?"

मुख्याध्यापकांनी सही केली. कारकूनबाईंनी संगणकावर इतक्या जोरात बोटं आपटली की चार वाजून वीस मिनिटांनी हॉलतिकीट बाहेर आलं. आपोआप सगळ्यांचे खांदे खाली आले. दादाने तर चक्क टाळ्या वाजवल्या.

पण कारकूनबाईंचं काम संपलं नव्हतं. त्यांनी पेन घेतलं, जुन्या पानावरचं 'कारण ठाऊक नाही' एका सरळ रेघेने खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: दुसऱ्या शाळेत प्रवेश, पुरावा जोडला आहे.

"आजोबा, आता तुम्ही गळतीत नाही," त्या म्हणाल्या.

मुख्याध्यापक केव्हाचे कागदावर काहीतरी मांडत होते. "तुमच्या तुकडीत चाळीस मुलं, पास एकोणतीस. म्हणजे साडेबहात्तर. आता एकोणचाळीसांत एकोणतीस." त्यांनी मान वर केली. चेहरा खुलला होता. "चौऱ्याहत्तरच्या वर गेला की हो तुमचा टक्का!"

आजोबा हसले, आणि मग हसतच राहिले.

नातीने हात पुढे केला. "माझा कंपास."

"उद्या देतो," आजोबा पिशवी मागे लपवत म्हणाले. "आज भूमिती आहे."