पत्रलेखन, दहा गुण

चिठ्ठीत झुंबरचं नाव निघालं आणि केतकीनं कपाळाला हात लावला.

चुरीसरांची ही नवी टूम होती. दहावीतल्या इंग्रजी चांगलं असलेल्या आठ जणांनी कच्च्या आठ जणांना तयार करायचं, आणि कोणी कोणाला, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मुलगा-मुलगी असला भेद सरांनी ठेवला नाही, त्यामुळे वर्गात नुसती खसखस पिकली. एरवी सिल्वासाच्या त्या मराठी शाळेत मुलीनं मुलाशी बोलणं म्हणजे आठवडाभर पुरणारा विषय!

झुंबर मूळचा खानदेशातला, वडील जवळच्या सायली गावातल्या एका कापड गिरणीत कामाला. गणितात हुशार, कबड्डीत वाघ, आणि इंग्रजीचा तास आला की गडी एकदम मुका. पाचवीपासून तो हा विषय केवळ गाइड घोकून पास होत आला होता. केतकीचं तसं नव्हतं. वडील सरकारी कचेरीत, घरी इंग्रजी पेपर यायचा, आणि आपल्याला येतं याचा बाईसाहेबांना थोडा तोराही होता.

दर शनिवारी मधल्या सुट्टीत दहा मिनिटं व्हरांड्यात बसायचं. त्यानं एक पत्र लिहून आणायचं, तिनं लाल पेन्सिलीनं तपासायचं. आजूबाजूला बाकीच्या जोड्या, त्यामुळे सगळे कान टवकारलेले.

"किती लाल करते गं!" एकदा तो म्हणाला. "वहीला गोवर आल्यासारखं दिसतंय."

"चुका कमी कर, मग लाल कमी होईल."

"चुका कमी केल्या तर तू दोन मिनिटांत उठून जाशील ना…"

बाहेर श्रावणाची सर पत्र्यावर वाजत होती. केतकीनं मान वर केलीच नाही. त्या दिवशी तिच्या नजरेतून चार चुका सुटल्या, आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही.

मग शनिवारची वाट बघणं सुरू झालं. तो तिला आवडायला लागला होता, सरळ सांगायचं तर फार आवडायला लागला होता. पण आधी आपण बोलायचं? छे! त्यानं बोलावं. आणि तो तर प्रत्येक पत्र गाइडातलं उतरवून आणायचा. मित्राला सुट्टीत गावी बोलावणं, मैत्रिणीचं अभिनंदन, वडिलांकडे सहलीची परवानगी…

"एखादं तरी पत्र स्वतःच्या मनचं लिही की," दिवाळीनंतर ती वैतागून म्हणाली.

"मनचं लिहिलं तर तुला तपासता नाही येणार."

"लिहून तर बघ!"

तो हसला आणि कानाची पाळी ओढत राहिला. काही बोलायचं असलं की तो असंच करायचा. पुढचा आठवडाभर केतकी त्या पत्राच्या आशेवर होती.

शनिवारी त्यानं वही दिली. केतकीनं घाईघाईनं उघडली आणि तिचा चेहरा पडला. वडिलांची बदली झाली आहे, आम्ही गाव सोडून चाललो आहोत, रविवारी सकाळी नऊला निघणार, कृपया निरोप द्यायला ये, तुला एक गोष्ट सांगायची आहे… गाइडातलं चौदावं पत्र! स्टेशनच्या जागी बसचा डेपो घातला होता, एवढाच काय तो बदल. खाली नेहमीसारखं एक्स वाय झेड. पेपरात पत्राखाली स्वतःचं नाव-गाव लिहायचं नाही, नाव दिसलं की गुण गेले, हे सरांनी सगळ्यांच्या डोक्यात इतकं भरवलं होतं की खरं नाव लिहायला कोणाचा हातच धजायचा नाही. त्यात ही वही वर्गभर फिरायची.

केतकीला रडू आलं आणि रागही आला. तिनं दोन चुकांवर खुणा केल्या, दहापैकी आठ दिले आणि खाली लिहिलं, 'पाठांतर छान.'

झुंबरनं ते वाचलं. "सगळं वाचलं ना तू?"

"वाचलं की. दोनच चुका आहेत."

"आणि… बाकी?"

"बाकी काय? बरोबर आहे." ती वहीकडे न बघता उठली.

"बरं," तो म्हणाला.

सोमवारी हजेरी घेताना चुरीसरांनी त्याच्या नावावर रेघ मारली. त्याचे वडील काम करायचे ते गिरणीतलं खातंच बंद पडलं होतं. घरची मंडळी काल नाशिकच्या गाडीनं गावाकडे गेली. ऐकलं आणि केतकीला ते पत्र आठवलं. रविवार, डेपो… सगळं खरं होतं. मागितलं तसं मनचं पत्र त्यानं लिहिलं होतं, आणि आपण त्याला गुण दिले!

शाळा सुटल्यावर तिनं सायकल घरी नेलीच नाही, ती थेट सायलीला हाणली. चाळीत झुंबरच्या खोलीला कुलूप होतं. शेजारच्या शोभाकाकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"गावाचा पत्ता?" त्या म्हणाल्या. "शिरपूरकडं कुठंतरी. आम्हाला इतकंच ठाऊक, बेटा. तू त्याच्या शाळेतली का?"

केतकीनं मान हलवली.

"पोरानं काल वैताग आणला बघ. आम्ही सोडायला गेलेलो. नऊची गाडी लागली, तर म्हणे माझं पोट दुखतंय, अकराच्या गाडीनं जाऊ. बाप चिडला, सामान परत खाली उतरवलं. आणि हा जाऊन फाटकाशी उभा. मी म्हटलं, दुखतंय तर खाली बस ना. नाही बसला. दोन तास उभा होता."

गेले चार महिने कोणापाशी एक अक्षर न बोललेली केतकी त्या अनोळखी बाईसमोर मटकन ओट्यावर बसली.

"त्याचं पोट दुखत नव्हतं, काकू," ती हुंदका आवरत म्हणाली. "तो माझी वाट बघत होता. मला बोलावलं होतं त्यानं. मी घरीच होते… केस वाळवत बसले होते. मला तो फार आवडतो हो. मी आले असते."