नवसागराचे डाग

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात, नवी पेठेत एका रिक्षाला चुकवताना जमीला रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर चढली आणि थेट एका तरुणाला धडकली. तोच कोलमडला. छातीशी धरलेला रेडिओ काही तिने सोडला नाही.

"सोडला असता तर मी झेलला असता की," तो सावरत म्हणाला.

"आन् तुमाला कुणी झेललं असतं?"

हा दस्तगीर, दुकानातला नवा मेकॅनिक. ती कल्हईवाल्या नबीसाबची मुलगी. रेडिओ तिने स्वतः जोडला होता. तो वाजला, तर मालक गुरुबसप्पा तिला सोमवारपासून कामावर घेणार होते. पण कालपर्यंत गाणारा रेडिओ आज मुका होता... आणि मालक दुपारी येणार होते.

दस्तगीरने झाकण उघडलं. आतल्या पट्टीवर तारा जोडणारे कथलाचे टाके चकचकीत होते, पण प्रत्येकाभोवती हिरवट साय धरली होती.

"टाके लई देखणे हायत. झाळताना राळ लावली न्हाय?"

"घरातला नवसागर लावला. अब्बा कल्हईला तोच लावतात."

तो हसला नाही. "भांड्याला बरा. हितं राहिला तर तांबं खातो."

त्याने स्पिरिटने पुसून पाहिलं. डाग हलेनात. "राळ असती तर गेली असती..."

जमीलाने त्याच्या हातातला ब्रश घेतला. "गरम पाणी द्या. कल्हई झाली की भांडं आमी पाण्यानंच धुतो."

"रेडिओ धुणार?"

"माझा हाय."

त्याने स्पीकर सोडवून बाजूला ठेवला. तिने हलक्या हाताने पट्टी घासली, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग त्याने वरून स्पिरिट सोडलं — ओल त्याच्याबरोबर उडून जाते — आणि पट्टी उन्हात ठेवली. दोघं राखण करत बसले.

"भीती वाटत न्हाय?" त्याने विचारलं.

"वाटते की."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती पट्टीकडे.

स्पीकर जोडून होतोय, तोच मालक आले. त्यांनी बटण फिरवलं. खरखर... आणि मग पुणे केंद्राच्या बातम्या, खणखणीत.

"दस्तगीर, तू दुरुस्त केलास?"

"न्हाय अण्णा. तिनं धुतला. माझं धाडस झालं नसतं."

जमीलाची मान ताठ होती.

"सोमवारी वेळेवर ये, पोरी," म्हणून मालक आत गेले.

दस्तगीर कोपऱ्यातलं टेबल ओढू लागला. "कुटं मांडू? माझ्या शेजारी?"

"शेजारी नको. समोर मांडा."

"का?"

"शेजारी बसलेला माणूस दिसत न्हाय," ती म्हणाली.