चार ठोके, मग एक

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका छोट्या ऑफिसात, एसीच्या गारठ्यात शाल पांघरून, कावेरी तांबड्या समुद्रापलीकडच्या एका ज्वालामुखीवर पाळत ठेवून असे. डोंगराच्या पोटात जरा खुट्ट झालं तरी तिच्या स्क्रीनवरची रेघ थरथरायची. धक्के वाढले, की राख कुठवर उडेल याचा अंदाज बांधून विमान कंपन्यांना सावध करायचं. हे काम तिला वसंतरावांनी हाताला धरून शिकवलं होतं. शारजात, अल नहदाला, जागा मिळेपर्यंत त्यांनी तिला लेक पर्णिकासह आपल्याच घरी ठेवून घेतलं. तेव्हापासून ते तिचे काका झाले.

डोंगरावरचं धक्के टिपणारं यंत्र सांभाळायचा नागेश. मूळचा गुहागरचा. यंत्र पुरून झालं, की तो शेजारी उभा राहून टाच आपटायचा. सलग चार ठोके, थोडं थांबून एक. ते स्क्रीनवर उमटले, की ऑफिसातून फोनवर "दिसलं" म्हणायचं. तो शब्द कानावर पडल्याशिवाय पठ्ठ्या डोंगर उतरायचा नाही.

"मॅडम, तुम्ही दिसलं म्हणत नाही तोवर मी हयच," असं म्हणून तो हसायचा.

एप्रिलमध्ये तो वर गेला तेव्हा धक्के वाढत होते. त्याला ताबडतोब खाली बोलवा, असं कावेरीने लिहून दिलं.

"मी सांगतो त्याला," वसंतराव म्हणाले. "पर्णिकाला फीवर आहे ना? तू घरी जा. यल्ला, नीघ."

ती गेली. संध्याकाळी डोंगर फुटला. यंत्र आणि नागेश दोन पुरुष खोल राखेखाली गाडले गेले.

महिन्याभराने, शुक्रवारी दुपारी, ऑफिस रिकामं झाल्यावर वसंतरावांनी तिच्यापुढे रिपोर्ट ठेवला. नागेश न विचारता गेला, यंत्रापर्यंत पोचलाच नाही, त्याचे ठोके आले नाहीत. खाली कावेरीच्या सहीची जागा होती.

"आणि काका, मी दिलेली वॉर्निंग?"

"साइन कर गं. मंडेला ऑडिट आहे. तेवढं झालं की खलास."

ते केबिनमध्ये गेले. कावेरीने त्या दिवसाची नोंद उघडली. ती पुसलेली होती, पण बॅकअप शाबूत होता.

चार, मग एक. चार, मग एक. पावणेदोन तास.

त्याच वेळी कॅलेंडरवर वसंतरावांची मीटिंग होती. फोन टेबलावर टाकून ते निघून गेले होते आणि नागेश त्या एका शब्दासाठी टाच आपटत राहिला होता. बापाच्या जागी मानलेल्या माणसाने तिच्या लेकीचा ताप तिला वाटेतून दूर करायला वापरला, हे कावेरीला कळलं. तिच्या अंगाची आग आग झाली. रडू मात्र येईना.

तेवढ्यात शेजारची रेघ हलली. गाडल्या गेलेल्या यंत्राची, महिनाभर सपाट पडलेली रेघ.

चार. मग एक.

"काका!"

वसंतराव बाहेर आले. स्क्रीन बघून त्यांचा चेहरा उतरला.

"नॉइज आहे. बंद कर ते."

"त्याची बॅटरीसुद्धा कधीच संपलीय, काका."

ते आत गेले. दार लागलं.

कावेरी स्क्रीनकडे वाकली. "दिसलं, नागेश," ती हळूच म्हणाली. "उतर आता."

रेघ सपाट झाली. आता कुठे तिला रडू फुटलं.

डोळे पुसून पाहते तो दुसरीच रेघ हलत होती. डोंगरावर पाठवायचं नवं यंत्र तपासणीसाठी जमिनीवर मांडलेलं होतं, वसंतरावांच्या दाराशी.

चार. मग एक.

तिने वळून पाहिलं. दाराशी कुणीच नव्हतं.

"कावेरी, बाहेर कोण ठोकतंय?"

तिला ठोक्यांचा आवाज येत नव्हता. रेघ तेवढी दिसत होती.

"दार उघडत नाहीये गं."

चार. मग एक.

"कावेरी, त्याला सांग ना, दिसलं म्हणून! सांग ना गं!"

तिने बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन पर्समध्ये टाकला. शालीची घडी केली. रिपोर्टवर सहीची जागा कोरीच होती.

दाराखालच्या फटीतून बारीक करडी राख बाहेर येत होती. आतून.

"मी सांगते त्याला, काका," कावेरी म्हणाली, आणि घरी गेली.